'हा काही येत नाही'

वर एकांनी लिहिलंय, की तज्ज्ञ ज्याला निवडून 'येत नाही' म्हणतात त्याला मत देणं म्हणजे मत वाया घालवणं. अहो, पुण्यातल्या कसब्याची २०२३ची विधानसभा पोटनिवडणूक विसरलात काय? १९९५पासून भाजपकडे असलेली जागा, पेठांमधला हक्काचा मतदार. आमच्या कट्ट्यावर तर अमृततुल्यचा दुसरा कप यायच्या आत निकाल लागलाही होता! भर प्रचारात काँग्रेसच्या उमेदवाराबद्दल 'हू इज धंगेकर?' असं विचारून झालं. २ मार्चला धंगेकर भाजपच्या हेमंत रासनेंना हरवून जवळपास ११ हजारांनी आले.

(२०२४च्या विधानसभेला त्यांना पाडलं ते त्याच रासनेंनी, हेही खरंच.)

आमचे कट्टेकरी मात्र दोन्ही वेळा, बशीत चहा ओतत, "मी म्हटलंच होतं" म्हणाले.