चर्चेसाठी चित्रपट निवडताना
तत्त्वज्ञानावरील चर्चेसाठी ज्या चित्रपटांतील पात्रे थेट तत्त्वज्ञानावर बोलतात तेच निवडावेत, अशी एक सूचना आहे; ती मला पटत नाही. तिथे विचार आधीच मांडून झालेला असतो आणि प्रेक्षकाकडे केवळ होकार किंवा नकार उरतो. त्यापेक्षा जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा ‘राशोमोन’ (१९५०) घ्यावा. एका सामुराईच्या मृत्यूच्या चार परस्परविसंगत हकिकती त्यात येतात आणि त्यांतली कोणती खरी याचा निर्वाळा मिळत नाही. त्यामुळे सत्य आहे पण आपल्याला गवसत नाही, की सांगणाऱ्याच्या स्वार्थापलीकडे ते नाहीच, हा वाद आपसूक उभा राहतो. शिवाय चित्रपट जेमतेम दीड तासाचा असल्याने त्याच बैठकीत बोलायला वेळ उरतो. आरंभी मात्र कोणाची हकिकत पटली आणि का, एवढेच विचारावे.