मदत हवी आहे: काळ्या जमिनीवर कंपाउंडची भिंत – चिरा, ब्लॉक की प्रीकास्ट?

नमस्कार मंडळी,

बेळगावात येळ्ळूर रस्त्याच्या बाजूला 40 × 60 चा प्लॉट आहे, घर बांधून झालंय. आता कंपाउंडचं बघतोय. एका बाजूला शेजाऱ्यांची भिंत आधीचीच आहे. राहिले पुढचे 40, मागचे 40 आणि एका बाजूचे 60 फूट. गेटचे 12 वजा केले तर 128 रनिंग फूट. उंची जमिनीवर 5 फूट धरली आहे.

अडचण जमिनीची आहे. पुढं रस्त्याकडं मुरूम लागतो. मागं भाताचं शिवार. तिथली माती काळीभोर, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि श्रावणात पाणी उभं. बाजूच्या 60 फुटांत खड्डा काढून बघितला, 4 फुटांपर्यंत काळी माती, मग मुरूम. शिवाय मागच्या बाजूला आमची जागा भराव टाकून शेतापेक्षा 2 फूट वर आणली आहे. बळ्ळारी नाल्याकडचे लोक असतील त्यांना वेगळं सांगायला नको.

तिघांकडून दर घेतले:

प्रीकास्ट (आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीटच्या) पाट्या आणि खांब, बसवून: फुटाला 480, म्हणजे 61,440.
6 इंची सॉलिड ब्लॉक, 2 फूट पाया धरून, गिलावा सोडून: फुटाला 1,150, म्हणजे 1,47,200.
जांभा चिरा, अडीच फूट डबराचा (ओबडधोबड दगडाचा) पाया, बाहेरून सांध्यांत सिमेंटचा दर्जा भरून: फुटाला 1,650, म्हणजे 2,11,200.

विटांचाही हिशोब करून बघितला. 9 इंची भिंतीला साडेसहा-सात हजार विटा लागतात. खानापूरकडची वीट चांगली मिळते, पण वर दोन्ही बाजूंनी गिलावा आलाच, म्हणून सोडून दिलं.

घरच्यांचं म्हणणं प्रीकास्ट करून मोकळं व्हा. वडिलांना चिरा हवा. मला एवढंच कळेना की 61 हजार आणि 2 लाख 11 हजार यांत जो फरक दिसतोय तो खरा किती? आणि काळ्या मातीत यातलं काय टिकतं? अनुभव असलेल्यांनी सांगा की.

वडगावकर यांचं उत्तर:

प्रीकास्टवाल्याला विचारा खांब किती खोल पुरणार. बहुतेक जण दीड फूट सांगतात. मुरमात चालतं, काळ्या मातीत नाही ओ. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. दोन वर्षांत खांब नशेत चालल्यासारखे वेडेवाकडे होतात आणि पाट्या खाचेतून निसटतात. आमच्या गल्लीमागं असं एक कंपाउंड आहे, मालकानं आता दोरीनं बांधून ठेवलंय. आणि मागं 2 फूट भराव म्हणता? पाट्या मातीचा रेटा धरायला नसतातच. तिथं प्रीकास्टचा विचारच सोडा.

चंदगडी

ब्लॉकच्या दरात गिलावा नाही ना? मग तो धरून बघा. 128 × 5 = 640, दोन्ही बाजू 1,280 चौरस फूट. आमच्याकडं साहित्यासकट 45 रुपये चाललाय. 57,600 झाले. एकूण 2,04,800. त्यावर रंग, तो दर तीन-चार वर्षांनी. चिऱ्याला ना गिलावा ना रंग. राहिला फरक कुठं?

मात्र चिरा बघून घ्या. खाणीतून नुकताच काढलेला मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, म्हणून महिना-दोन महिने रचून ठेवलेला मागा. पिवळ्या-पांढऱ्या मातीचे खिसे असलेला बाजूला काढा, पावसात तिथूनच झिजतो. जमिनीला टेकणारा थर चिऱ्याचा नको, काळा दगडच पाहिजे. वर कोपिंग (भिंतीच्या माथ्यावरचा सिमेंटचा थर) हवंच, नाहीतर पाणी आत मुरतं. आमच्या चंदगडच्या बाजूनं, म्हणजे महाराष्ट्रातून सीमेपलीकडून माल आणणार असाल तर वाहतुकीचा पास कोण काढणार ते आधीच ठरवा. गाडी नाक्यावर अडली की सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात.

जुना ओव्हरसियर

तुम्ही तिन्ही दर जमिनीच्या वरच्या भिंतीचे ताडून बघताय. तुमच्या प्लॉटला एकच भिंत नको, तीन वेगळी कामं आहेत.

पुढचे 28 फूट मुरमावर आहेत. तिथं चिरा, अडीच फूट पाया, काही चिंता नाही.

बाजूचे 60 फूट: अडीच फुटांचा पाया काळ्या मातीतच तरंगत राहील, मग वर चिरा असो की ब्लॉक, तिरकी भेग येणारच. सलग 4 फूट चर खणण्यापेक्षा 6-6 फुटांवर 10-12 इंचांची भोकं मुरमात चांगली उतरवून काँक्रीटचे छोटे पाइल (जमिनीतले खांब) घ्या आणि त्यावर बीम. बीमच्या तळाखाली 3 इंच पोकळी सोडायला सांगा. गवंडी हसेल, भरून टाकतो म्हणेल, ऐकू नका. माती फुगायला ती जागा लागते. 10 मिमीच्या चार सळ्या धरल्या तर 60 फुटांना मुख्य लोखंड 45 किलोच्या आसपास, रिंगा आणि जोड वेगळे. वाटतं तेवढं महाग नाही.

मागचे 40 फूट: इथं पोकळी सोडून चालणार नाही, भराव निसटेल. चरातली काळी माती काढून मुरूम थराथरानं पाणी मारून धुमसा. त्यावर तळाला रुंद, वर निमुळती अशी डबराची भिंत फक्त भरावाच्या उंचीपर्यंत. दर 4-5 फुटांवर पाणी जायला पाइप, मागून खडीचा थर. त्याच्यावर अँगल आणि जाळी. शेताकडं 5 फूट दगड रचून वजन कशाला वाढवता? चोराला अडवायचं तर मेंदीचं कुंपण लावा जाळीला.

आणि चर मारण्याआधी मोजणी करून घ्या, उताऱ्यावरची चक्कबंदी (चतुःसीमा) शेजारी आणि शेतमालक दोघांना दाखवा. भिंत सरकवता येत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पुढचे 28 आणि बाजूचे 60 मिळून 88 फूट चिरा त्याच दरानं 1,45,200 होतो. बाजूचा अडीच फुटांचा डबर पाया त्यातून वजा करून पाइल-बीम आणि मागची जाळी यांचे दर वेगळे मागवतो, म्हणजे कळेल. वडील आत्ताच खूश आहेत, चंदगडी यांचा हिशोब त्यांनी दोनदा वाचून घेतला.

एक राहिलं: पाइलची भोकं मारायला हातानं फिरवायचा ऑगर चालेल की ट्रॅक्टरवरचा लागेल? खानापूर-बेळगाव भागात कुणी भाड्यानं देत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. आणि बाजूच्या 60 फुटांत भेग पडू नये म्हणून भिंतीत सोडायचा सांधा मध्ये एकच ठेवायचा की दोन?