७५० फुटांच्या स्लॅबला १२० गोण्या सिमेंट लागतं का?

नवखा_घरमालक
पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकायचा आहे. बाहेरून बाहेर ३० × २५ फूट, जाडी ५ इंच. बीम ९ × १५ इंची: ३० फुटी ३, २५ फुटी ४. जिन्याची मोकळी जागा १० × ७ फूट. कॉलम बीमच्या तळापर्यंत भरून झालेत, जिना नंतर वेगळा टाकणार. ड्रॉइंगवर एम-२० (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) लिहिलंय. माल माझा, मजुरी ठेकेदाराची. त्यांनी १२० गोण्या सिमेंट, सव्वादोन ब्रास (१ ब्रास = १०० घनफूट) क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणि साडेचार ब्रास खडी सांगितलीय. बरोबर आहे का?

ओळंबा
जास्त आहे, आणि कुठे वाढलंय तेही दिसतंय.

स्लॅब ३० × २५ × ५/१२ = ३१२.५ घनफूट. जिन्याचे ७० चौरस फूट वजा केले की २९ घनफूट कमी होतात, उरले २८३.

बीमची १५ इंच उंची स्लॅबच्या वरच्या पातळीपासून धरलेली असते. त्यातले ५ इंच स्लॅबमध्ये मोजून झाले, राहिले खाली लोंबणारे १० इंच. एकूण लांबी ९० + १०० = १९० फूट. १९० × ०.७५ × ०.८३ = ११९ घनफूट. बीम एकमेकांना १२ ठिकाणी छेदतात, तिथला दुबार भाग साडेपाच घनफूट, तो काढला की ११३. लोखंडाचं आकारमान वजा करायची पद्धत नाही.

बेरीज ३९६ घनफूट, ५ टक्के नासधूस धरून ४१६. म्हणजे ११.८ घनमीटर.

एम-२० साठीच्या १ : १.५ : ३ (सिमेंट : वाळू : खडी) प्रमाणात एका गोणीतून साधारण ४.४ घनफूट काँक्रीट निघतं. ४१६ भागिले ४.४, म्हणजे ९५ गोण्या. क्रश सँड पावणेदोन ब्रास, खडी साडेतीन ब्रास (२ ब्रास २० एमएम, दीड ब्रास १० एमएम).

आता बीम पूर्ण १५ इंच धरा, जिना वजा करू नका, वर ५ टक्के चढवा: ११८ गोण्या येतात. तुमच्या ठेकेदाराचे १२० इथूनच आले असावेत. लबाडीच असते असं नाही, पुष्कळ जण असंच मोजतात.

खडी_वाळू
ओळंबांचा हिशेब बरोबर, पण वाळूत एक गोम आहे. वरचे पावणेदोन ब्रास कोरड्या वाळूचे. ओली वाळू फुगते. काचेच्या सरळ बरणीत २०० मिमी ओली वाळू सैल भरा, पाणी ओतून ढवळा, बसू द्या. पातळी १६० वर आली तर फुगवटा २५ टक्के. मग ब्रास मोजून सव्वादोन घ्यावी लागेल आणि फर्म्यातही (माल मोजायच्या पेटीत) तेवढी वाढवावी लागेल. नाहीतर प्रत्येक घाणीत वाळू कमी पडते, माल खडखडीत होतो आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं राहतात.

ट्रॉली आली की आतून टेप लावा. फुटांत लांबी × रुंदी × सपाट केलेली उंची, भागिले १००, हे ब्रास. शीग मोजू नका.

आणि घमेल्यांवर माल मोजू देऊ नका, कुणाचं घमेलं शिगोशीग असतं, कुणाचं अर्धं. ३५ लिटरचा फर्मा करून घ्या: एका गोणीला दीड फर्मा वाळू, ३ फर्मे खडी. पाणी गोणीमागे ३० लिटरपर्यंत, वाळू ओली असेल तर तेवढं कमी. माल सरकत नाही म्हणून बादली वाढवतात, तिथे ताकद जाते. व्हायब्रेटर वापरा.

मोजपट्टी
आरएमसी (प्लांटमधून गाडीने येणारं तयार काँक्रीट) मागवणार असाल तर ११.८ हा ओल्या काँक्रीटचाच आकडा आहे, त्याला १.५४ ने गुणू नका. तो गुणक कोरड्या मालासाठी. ही चूक झाली की ६ घनमीटर जास्त येतं आणि गाडी परत जात नाही. १२ मागवा. ६ घनमीटरच्या दोन गाड्या झाल्या. दुसरी सोडण्यापूर्वी उरलेला भाग मोजून प्लांटला कळवा.

इंजिनिअरने एम-२५ लिहिलं असतं तर हे प्रमाण चाललं नसतं. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) नुसार ठरावीक प्रमाणाने मालकालवणी एम-२० पर्यंतच, वर मिक्स डिझाइन (चाचण्या करून ठरवलेलं प्रमाण).

नवखा_घरमालक
ठेकेदाराशी बोललो. बीम पूर्ण उंचीचेच धरले होते. ९५ च मागवू का?

ओळंबा
१०० ठेवा. मधेच सिमेंट संपून स्लॅबला थंड सांधा (आधीचा माल घट्ट झाल्यावर नवा ओतल्याने राहणारा जोड) पडला तर गळती तिथूनच. उरलेल्या ५ गोण्या विटकामात जातील.

त्याआधी सेंट्रिंग (स्लॅबखालचा पत्रे-टेकूंचा साचा) तपासा. कडेच्या फळीवर स्लॅबच्या वरच्या पातळीला दोरी ताणा आणि पत्र्यापर्यंत दर ४-५ फुटांवर मोजा. सरासरी ५ ऐवजी साडेपाच इंच आली तर ६८० चौरस फुटांवर २८ घनफूट वाढले, म्हणजे साडेसहा गोण्या.

नवखा_घरमालक
मोजलं. कडांना ५, हॉलच्या मध्यावर पावणेसहा. लोखंड उद्यापासून बांधायचंय.

ओळंबा
मग आजच टेकूंखाली पाचर ठोकून मधला भाग उचलून घ्या आणि पुन्हा दोरी लावा. लोखंड बांधून कव्हर ब्लॉक (लोखंड पत्र्यापासून वर ठेवणारे ठोकळे) लागल्यावर पत्रा हलवायला कोणी तयार होत नाही.