शब्दचर्चा: ‘डिव्हॉल्व्ड’ सरकार, त्याची ‘कमिटमेंट’ आणि सभागृहातला प्रश्न

पानवाचक:
स्कॉटलंडच्या संसदेतल्या प्रश्नोत्तरांवर मराठी लेख तयार होतो आहे. तीन ठिकाणी गाडी अडली आहे. ‘डिव्हॉल्व्ड गव्हर्नमेंट’ला, म्हणजे लंडनच्या संसदेने काही अधिकार सोपवलेल्या सरकारला, राज्य सरकार म्हणावे का? ‘कमिटमेंट’ला सरसकट आश्वासन चालेल का? आणि आपले तारांकित (तोंडी उत्तराचे) - अतारांकित (लेखी उत्तराचे) हे शब्द तिकडच्या प्रश्नांना लावावेत का? हस्तांतरित, विकेंद्रित, प्रदत्त असे पर्याय पाहिले, पण एकही जिभेवर बसत नाही.

जुनी दप्तरे:
पहिल्या शब्दासाठी नवे काही घडवायची गरज नाही. मराठीत शंभर वर्षांपासून ‘सोपीव’ आहे. १९१९च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली, तेव्हा सोपीव खाती आणि राखीव खाती असे दोन भाग पडले. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही सोपीव, म्हणजे कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे. पोलीस, न्याय, जमीन महसूल ही राखीव. आणि ही वाटणी ज्या नियमांनी झाली त्यांचे इंग्रजी नावच ‘डिव्होल्युशन रूल्स’ होते. तेव्हा ‘सोपीव विषय’, ‘सोपीव अधिकारांचे सरकार’ असे बिनधास्त लिहा. जे सोपवले ते परतही घेता येते, ही छटा शब्दातच आहे.

‘राखीव’ मात्र जपून वापरा. १९१९च्या व्यवस्थेत राखीव खाती प्रांतातच होती, फक्त ती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. स्कॉटलंडमध्ये राखीव म्हणजे लंडनला, वेस्टमिन्स्टरच्या संसदेकडे ठेवलेले: परराष्ट्र धोरण, संरक्षण, इमिग्रेशन, प्रसारण. पोलीस खाते मुंबई प्रांतात राखीव होते, स्कॉटलंडमध्ये ते सोपीव आहे. शिवाय आजच्या वाचकाला नुसते ‘राखीव’ म्हटले की राखीव जागा आठवतात. ‘वेस्टमिन्स्टरकडे राखलेले विषय’ असे पुरते लिहिलेले बरे.

अशा सभागृहात सरकारचा पाठपुरावा कसा चालतो याचे मराठी मुलखातले ठळक उदाहरण त्याच काळातले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. सरकारने खात्यांना तशा सूचना दिल्या. अंमलबजावणी रखडली. म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोल्यांनी पुन्हा ठराव आणला: ज्या नगरपालिका हे पाळत नाहीत त्यांचे अनुदान बंद करा. महाड नगरपालिकेने १९२४मध्येच चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. पाणी प्यायला मात्र २० मार्च १९२७चा सत्याग्रह लागला. ठराव, सूचना आणि अंमल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषांतरातही त्या एकमेकींत मिसळू देऊ नका.

होलिरूड वारी:
‘सोपीव’ला अनुमोदन. ‘राज्य सरकार’ का नको, त्याचे कारण कायद्यात आहे. आपल्या राज्यांचे अधिकार संविधानाच्या सातव्या अनुसूचीतून येतात. स्कॉटिश संसद १९९८च्या स्कॉटलंड अधिनियमातून आली, म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या एका साध्या कायद्यातून. त्याच्या २८व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा वेस्टमिन्स्टरचा अधिकार यामुळे कमी होत नाही. २०१६च्या दुरुस्तीने ‘संमतीवाचून सहसा करणार नाही’ अशी भर पडली. त्यातला ‘सहसा’ गाळू नका, सगळा वाद त्याच शब्दावर आहे. याच अधिनियमाचे ३५वे कलम वापरून जानेवारी २०२३मध्ये लंडनने लिंगओळख सुधारणा विधेयक अडवले. उत्तर आयर्लंडचे स्टॉरमाँट सरकार १९७२मध्ये तर बाजूलाच सारले गेले होते.

स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या तिन्ही ठिकाणची वाटणीही एकसारखी नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात राखलेल्या विषयांची यादी आहे. यादीत नाही ते सोपीव. वेल्समध्ये आधी उलटी रीत होती, म्हणजे सोपवलेल्या विषयांची यादी. २०१७च्या कायद्याने तिथेही स्कॉटलंडची रीत आली. उत्तर आयर्लंडमध्ये तीन गट आहेत. तेव्हा ‘ब्रिटनमधील सोपीव सरकारे’ असे एका वाक्यात तिघांबद्दल लिहिताना हात आखडता घ्या.

याचा प्रश्नोत्तरांशी थेट संबंध येतो. स्कॉटिश मंत्र्यांना त्यांच्या जबाबदारीतल्या बाबींवरच प्रश्न विचारता येतो. इमिग्रेशनच्या धोरणावर थेट प्रश्न टाकला तर तो स्वीकारला जाणार नाही. सदस्य मग असे विचारतात की या धोरणाचा स्कॉटलंडच्या आरोग्यसेवेतील मनुष्यबळावर काय परिणाम होतो आणि त्याबद्दल स्कॉटिश शासनाने लंडनशी कोणती चर्चा केली. मूळ प्रश्नाची ही वळणदार रचना भाषांतरात सरळ केलीत, तर प्रश्न ज्या आधारावर स्वीकारला गेला तोच नाहीसा होतो.

विधिमंडळ वार्तांकन:
‘आश्वासन’ सरसकट नको, हे ठामपणे सांगतो. आपल्याकडे मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन नोंदले जाते. त्यासाठी आश्वासन समिती असते आणि खाते ते पूर्ण करते की नाही हे ती बघते. लोकसभेत पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत आहे; जमले नाही तर मुदतवाढ मागावी लागते. कोणती शब्दयोजना आश्वासन मानायची याची नमुना यादीही आहे. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवण्यात येईल’, ‘मी यात लक्ष घालीन’ ही वाक्येसुद्धा त्यात बसतात. म्हणून मुरलेले अधिकारी मंत्र्यांच्या उत्तराच्या मसुद्यातून ‘तपासून घेऊ’ काढून टाकतात.

स्कॉटिश संसदेत अशी स्वतंत्र आश्वासन समिती नाही. विषयवार समित्या, पुढचे प्रश्न आणि वृत्तपत्रे हाच पाठपुरावा. तेव्हा ‘कमिटमेंट’ कुठून आली ते आधी शोधा, मग शब्द निवडा. पक्षाच्या जाहीरनाम्यातली असेल तर ‘वचन’. सरकार दरवर्षी आपल्या कामाचा कार्यक्रम संसदेपुढे मांडते, त्यातली असेल तर ‘शासनाच्या कार्यक्रमातील संकल्प’. कायद्यात आकडा आणि साल घातले असेल तर ‘वैधानिक उद्दिष्ट’. मंत्री सभागृहात उभा राहून बोलला असेल तरच ‘आश्वासन’.

पानवाचक:
आणि ‘द गव्हर्नमेंट इज कमिटेड टू’? हे प्रत्येक उत्तरात येते.

विधिमंडळ वार्तांकन:
‘शासन कटिबद्ध आहे.’ दोन्हीकडचा वापर हुबेहूब सारखा: ना तारीख, ना आकडा, ना पैसा. मूळ वाक्यात या तिन्हींपैकी काही असेल तरच ‘वचनबद्ध’, आणि कायद्याने बंधन असेल तर ‘बांधील’. हा फरक राखलात तर वाचकाला कोणते उत्तर पोकळ आहे ते आपोआप कळते.

होलिरूड वारी:
दोन उदाहरणे घ्या, म्हणजे शब्द का सांभाळायचे ते दिसेल. पर्थ ते इनव्हर्नेस हा ए-९ रस्ता २०२५पर्यंत पूर्ण चौपदरी, म्हणजे मधे दुभाजक असलेला, करू, असे स्कॉटिश सरकारने २०११मध्ये जाहीर केले. वर्षानुवर्षे सदस्य ‘मुदत कायम आहे का?’ विचारत राहिले. फेब्रुवारी २०२३मध्ये परिवहन मंत्री जेनी गिलरूथ यांनी ही मुदत पाळणे शक्य नाही असे संसदेत सांगितले. तेव्हा ११ टप्प्यांपैकी दोनच झाले होते. त्याच डिसेंबरमध्ये कॅबिनेट मंत्री मारी मॅकॲलन यांनी २०३५ हे नवे साल दिले. कायदा बदलावा लागला नाही, कारण तो ‘संकल्प’ होता. दुसरीकडे, २०३०पर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन ७५ टक्क्यांनी घटवण्याचा आकडा २०१९च्या कायद्यात होता. एप्रिल २०२४मध्ये तो सोडल्याचे सांगितल्यावर नवा कायदा करावा लागला. ते ‘वैधानिक उद्दिष्ट’. दोघांनाही ‘आश्वासन’ म्हटले तर एकासाठी नुसते निवेदन आणि दुसऱ्यासाठी विधेयक का, हे वाचकाला कळणारच नाही.

तारांकित-अतारांकितही नको. तिथे तारा नाही. ‘तोंडी प्रश्न’ आणि ‘लेखी प्रश्न’ असा भेद आहे. गुरुवारी सकाळी आधी सर्वसाधारण प्रश्न, मग दुपारी १२ वाजता प्रथम मंत्र्यांना, म्हणजे स्कॉटिश शासनाच्या प्रमुखांना, प्रश्न. खातेवार प्रश्न प्रामुख्याने बुधवारी दुपारी. त्यासाठी सदस्यांची नावे सोडतीने निघतात. लेखी प्रश्नाचे उत्तर साधारण कामकाजाच्या १० दिवसांत यावे लागते, लांब सुटीत २० दिवसांत. वेळेत माहिती नसेल तर तात्पुरते उत्तर देतात. त्याला ‘अंतरिम उत्तर’ म्हणा. आपल्या ‘माहिती पटलावर ठेवू’सारखे त्याचे आश्वासन बनत नाही.

एक प्रकार हमखास चकवतो. सरकारला काही जाहीर करायचे असते, म्हणून सत्ताधारी सदस्याकडून लेखी प्रश्न टाकून घेतात. कामकाजपत्रिकेत तशी खूण असते. त्याला ‘शासनप्रेरित प्रश्न’ म्हणा. खूण न पाहता ‘सदस्याने सरकारला धारेवर धरले’ असा मथळा दिलात, तर बातमी उलटी होते.

जुनी दप्तरे:
पदनामांतही सापळे आहेत. तिथला ‘कॅबिनेट सेक्रेटरी’ हा निवडून आलेला ज्येष्ठ मंत्री असतो. आपल्याकडे त्याच नावाचे पद भारत सरकारच्या सर्वोच्च सनदी अधिकाऱ्याचे. ‘कॅबिनेट मंत्री’च लिहा. ‘सेशन ६’ म्हणजे सहावे अधिवेशन नव्हे, तर २०२१च्या निवडणुकीपासून पुढच्या निवडणुकीपर्यंतचा पूर्ण कार्यकाळ. ‘पंधरावी विधानसभा’ म्हणतो तसे ‘सहावी स्कॉटिश संसद’ म्हणा. होलिरूडच्या, म्हणजे स्कॉटिश संसदेच्या, १२९ जणांना ‘सदस्य’ म्हणा आणि ‘खासदार’ वेस्टमिन्स्टरला गेलेल्यांसाठी ठेवा, नाहीतर ‘स्कॉटिश खासदार’ नेमका कोणता ते कळत नाही. ‘प्रिसायडिंग ऑफिसर’ला पीठासीन अधिकारी ठीक. ‘सभापती’ टाळा, कारण महाराष्ट्रात सभापती विधान परिषदेचे, तर गोव्यात विधानसभेचे.

उत्तर आयर्लंडमध्ये ‘उपप्रथम मंत्री’ लिहिताना लगेच खुलासा जोडा. ते पद आपल्या उपमुख्यमंत्र्यासारखे दुय्यम नाही, प्रथम मंत्री आणि उपप्रथम मंत्री या दोघांचे अधिकार समान आहेत. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद जाते. फेब्रुवारी २०२२मध्ये तेच झाले आणि दोन वर्षे पूर्ण सरकार उभे राहिले नाही. पुढे सभागृहही चालेना आणि प्रश्नोत्तरे थांबली.

पानवाचक:
सर्वांचे आभार. आता एका नमुना प्रश्नाचा मसुदा बघा: ‘ए-९ रस्ता चौपदरी करण्याच्या आश्वासनाची पूर्तता झाली नाही, हे खरे आहे काय?’

विधिमंडळ वार्तांकन:
ही आपल्या विधिमंडळाची घडण आहे. ‘हे खरे आहे काय? असल्यास कोणती कार्यवाही केली? नसल्यास विलंबाची कारणे काय?’ आणि त्यावर ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. स्कॉटिश प्रश्न ‘स्कॉटिश शासनाला विचारण्यात येते की’ या अर्थाच्या ठरीव शब्दांनी सुरू होतो, आणि बहुतेक वेळा खरे-खोटे विचारण्याऐवजी प्रगती किंवा भूमिका विचारतो. असे करा: ‘पर्थ ते इनव्हर्नेस दरम्यानचा ए-९ रस्ता चौपदरी करण्याच्या आपल्या संकल्पाबाबत आतापर्यंत कोणती प्रगती झाली आहे, अशी स्कॉटिश शासनाकडे विचारणा.’

होलिरूड वारी:
हे बरोबर. प्रश्नाचा क्रमांक देवनागरीत ‘एस६डब्ल्यू’ असा ठेवून पुढचे आकडे जसेच्या तसे द्या. एस६ म्हणजे सहावी संसद, डब्ल्यू लेखी, ओ तोंडी, एफ प्रथम मंत्र्यांना. त्या क्रमांकावरून मूळ उत्तर कोणालाही शोधता येते.