मदत हवी आहे : मॉडेल रॉकेटची फाटलेली नळी कशी जोडावी?

घोडबंदरकर : आमच्या रॉकेटची पुठ्ठ्याची नळी मागच्या उड्डाणात फाटली असून एक फिनही (शेपटीकडचा पंख) मोडली आहे. पॅराशूट उघडले होते, त्यामुळे बाकी सर्व शाबूत आहे. रविवारी पुन्हा उड्डाण करायचे आहे. तरी कोणता गोंद लावावा, एवढेच कृपया लवकर सांगावे.

ऐरोलीकर : दोन्हींना एपॉक्सी लावा. फिनच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी जाड थर भरला, की ती पुन्हा मोडत नाही. मी दुसरे काही वापरतच नाही.

बाल्साप्रेमी : ऐरोलीकर, पुठ्ठा आणि बाल्सा (फिनचे हलके लाकूड) यांना साधा पांढरा फेव्हिकॉल पुरतो; तो तंतूंत मुरतो आणि जोड सुटण्याआधी पुठ्ठाच फाटतो. एपॉक्सीच्या जाड थराने शेपटीकडचे वजन वाढून गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि तो दाबकेंद्राच्या (हवेचा दाब जिथे एकवटतो, त्या बिंदूच्या) पुढे किमान नळीच्या एका व्यासाइतका राहिला नाही, तर रॉकेट हवेत कोलांट्या खाते. घोडबंदरकर, नळी नेमकी कुठे फाटली, हे आपण लिहिलेच नाही.

घोडबंदरकर : वरच्या तोंडापासून खाली सरळ उभी चीर गेली आहे, साधारण चार सेंटिमीटर. त्याने गोंद बदलतो का?

सीवूड्सकर : गोंद बदलत नाही, प्रश्न बदलतो. अशी चीर आपटून पडत नाही. रॉकेट वेगात असताना पॅराशूट उघडले, की शॉक कॉर्ड (नाक आणि पॅराशूट नळीला बांधून ठेवणारी दोरी) सुरीसारखी नळी चिरत जाते. मोटर (एकदाच जळणारी इंधनाची नळकांडी) कोणती होती आणि एकूण वजन किती होते?

घोडबंदरकर : सी६-७. दुकानात तीच शिल्लक होती. मोटरसह वजन ९५ ग्रॅम.

खारघरवासी : मोटरमध्ये स्फोटक द्रव्य असते, तेव्हा ती लोकलने नेऊ नका. शिवाय आता विमानतळ जवळ आल्यामुळे आमच्या बाजूच्या मैदानांचा विचारही करू नका.

घोडबंदरकर : जागा आणि वाहन दोन्ही ठरले आहे. कृपया दुरुस्तीबद्दल लिहावे.

सीवूड्सकर : मोटरच्या नावातील ६ म्हणजे न्यूटनमधील सरासरी जोर आणि ७ म्हणजे जळण संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकले जाईपर्यंतचे सेकंद. इतका विलंब हलक्या, सुमारे ७० ग्रॅमपर्यंतच्या रॉकेटसाठी असतो. आपले रॉकेट त्याआधीच शिखर गाठून वेगाने खाली येऊ लागले असणार. सी६-५ किंवा सी६-३ घ्या. फाटका भाग काटकोनात कापून आतून जोडनळी बसवा आणि तेवढ्याच लांबीचा नवा तुकडा लावा. नुसता कापून सोडलात, तर नाक मागे येऊन स्थैर्य कमी होईल. नव्या तोंडाच्या कडेत पातळ सुपरग्लू मुरवा. कॉर्ड रॉकेटच्या लांबीच्या किमान तिप्पट ठेवा, आणि ती तोंडाशी घासते तिथे टेपचा जाड गोळा गुंडाळा.

बाल्साप्रेमी : फिनचेही सांगतो. ती रेषांच्या दिशेने मोडली असेल, तर फेव्हिकॉलने निमूट जुळते. परंतु लाकडाच्या रेषा फिनच्या पुढच्या कडेला समांतर नसतील, तर नवी कापणेच बरे. दोन्ही बाजूंना कागद चिकटवा. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात उघडा बाल्सा वाकडा होतो.

ऐरोलीकर : कागदाचे वजन चालते आणि एपॉक्सीचे चालत नाही, हा न्याय मला समजला नाही.

बाल्साप्रेमी : दोन्ही तराजूवर ठेवून पाहावे. ते न जमल्यास मोटर आणि पॅराशूट आत ठेवून, गुरुत्वमध्याशी दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती फिरवावे. नाक पुढे राहिले, तर आपला थर मला मान्य.

घोडबंदरकर : फिन रेषांच्या दिशेनेच मोडली आहे. रविवारपर्यंत कमी विलंबाची मोटर मिळाली नाही, तर हीच थोडी कोरून घेता येईल का?

सीवूड्सकर : मुळीच नाही. मोटरला हत्यार लावू नये; उड्डाण पुढे ढकलावे.