मदत हवी आहे: ऑपरेशन टेबलवरून परत पाठवलं, आता काय करू?

मसालेभात
नवऱ्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं काल, दुर्बिणीतून, खडे आहेत. मेडिक्लेमचं अप्रूव्हल आलं, सासूबाई सांगलीहून येऊन बसल्या, मी चार दिवस सुट्टी टाकली, सकाळी ७ ला आत नेलं आणि ८ ला भूलवाल्या मॅडम बाहेर येऊन म्हणतात आज नाही करता येणार. सलाईन लावलेला माणूस परत रूमवर! कारण काही नाही. आता म्हणे पुढच्या शुक्रवारी. असं करतात का कुठे? पुण्यात दुसरं चांगलं हॉस्पिटल सांगा प्लीज, लवकर.

टपरीवरचा_चहा
कारण काही नाही असं कसं होईल? काहीतरी म्हणाल्या असतील ना. बीपी? शुगर? खोकला?

मसालेभात
बीपी शुगर ठीक होतं. पोटावर सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या पोटात अन्न दिसतंय. अहो रात्री ९ ला मऊ भात खाल्ला, त्यानंतर पाणीसुद्धा नाही, मी समोर होते. तरी मला बाजूला घेऊन विचारतात चोरून काही खाल्लं का.

चिंचगूळ
जनरल, म्हणजे पूर्ण भूल, घ्यायचीच कशाला पण? माझ्या आत्याचं पाठीत इंजेक्शन देऊन केलं, ऑपरेशन चालू असताना नर्सशी गप्पा मारत होती. जनरलने म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो. स्पायनलचाच आग्रह धरा.

निशाचर_डॉक
आत्याचं कसलं ऑपरेशन?

चिंचगूळ
खुब्याचं.

निशाचर_डॉक
मग ते इथे कशाला? दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात, त्याला सहसा जनरलच देतात. आणि खुब्याचं म्हणाल तर २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १६०० पेशंटवरची ट्रायल आली, भ्रम जनरल आणि स्पायनल दोन्हीकडे साधारण पाचातल्या एकाला, काही फरक नाही. असो.
ताई, ११ तास उपाशी राहून पोट भरलेलं म्हणजे ते हळू रिकामं होतंय. औषधं कुठली चालू आहेत? सगळी सांगा.

गावरान_तूप
ऑपरेशनच नको. ऑलिव्ह ऑइल आणि लिंबू सकाळी अनशापोटी. माझ्या साडूचे हिरवे खडे ढीगभर पडले, डोळ्यांनी बघितलेत.

निशाचर_डॉक
ते खडे नव्हेत, त्या तेलाचाच पोटात झालेला साबण असतो.

गावरान_तूप
तुमचा धंदा बुडतो म्हणून तुम्ही असंच म्हणणार.

मसालेभात
भांडू नका हो माझ्या धाग्यावर. औषधं: शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची अर्धी गोळी. बास.

टपरीवरचा_चहा
अलीकडे वजन उतरलंय का? भराभर उतरलं की खडे होतात म्हणून विचारतो. इंजेक्शन वगैरे?

मसालेभात
हो, पाच महिन्यांत ११ किलो. माउंजारो घेतो दर रविवारी, ते शुगर-वजनाचं इंजेक्शन. फॉर्मवर 'चालू गोळ्या' असं होतं म्हणून पठ्ठ्याने फक्त गोळ्या लिहिल्या. पेन फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात असतं, औषधांच्या डब्यात नाही, त्यामुळे पिशवी भरताना माझ्याही डोक्यात आलं नाही. पण त्याचा भुलेशी काय संबंध?

निशाचर_डॉक
सगळा संबंध तिथेच आहे! या इंजेक्शनने पोट हळू रिकामं होतं, भूक मरते त्यातलं एक कारण तेही आहे. भूल दिली की ठसका लागून घसा साफ करायची शरीराची सोय बंद पडते, मग पोटातलं वर आलं तर थेट फुफ्फुसात. टेक्सासमध्ये १२४ जणांची ऑपरेशनआधी, नियमाने उपाशी असताना, पोटाची सोनोग्राफी केली (२०२४ मध्ये छापून आलं), तर ही आठवड्याची इंजेक्शनं घेणाऱ्या ५६ टक्के लोकांच्या पोटात माल शिल्लक होता, न घेणाऱ्यांत १९ टक्के. मॅडमना इंजेक्शनचं कुणी सांगितलेलं नसताना त्यांनी प्रोब ठेवून पकडलं. त्यांना पेढे द्या, हॉस्पिटल कसलं बदलताय.

हिशेबनीस
सोपं आहे मग. एक आठवडा आधी बंद करायचं, अमेरिकन भूलतज्ज्ञांचा नियमच आहे.

निशाचर_डॉक
तो जून २०२३ चा. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यासकट पाच संस्थांनी मिळून नवीन सल्ला दिला: बहुतेकांनी चालू ठेवलं तरी चालेल, पेशंट बघून ठरवा, धोका जास्त वाटला तर आदले २४ तास फक्त पातळ पदार्थ. शिवाय माउंजारो शरीरात निम्मं व्हायलाच पाच दिवस लागतात, एक डोस चुकवून पोट लगेच मोकळं होईल याची खात्री नाही. त्या टेक्सासवाल्यांनाही किती दिवस बंद होतं यावरून फरक दिसला नाही.

हिशेबनीस
पण मग प्रत्यक्षात लोकांचं किती बिघडतं? अमेरिकेतच इमर्जन्सी ऑपरेशन झालेले २३ हजारांवर मधुमेही तपासले, श्वासाची गुंतागुंत इंजेक्शनवाल्यांत ३.५ टक्के, बाकीच्यांत ४. उगाच बाऊ.

निशाचर_डॉक
ते इन्शुरन्सच्या नोंदींवरून. आणि इमर्जन्सीत आम्ही पोट भरलेलंच धरून चालतो, श्वासाची नळी झटपट टाकतो, म्हणून निभावतं. ठरवून करायच्या ऑपरेशनला एक आठवडा थांबलं तर काय बिघडतं?

हिशेबनीस
सुट्टी बिघडते त्यांची.

निशाचर_डॉक
ताई, डोस अलीकडे वाढवला का? मळमळ, पोट गच्च?

मसालेभात
दोन आठवड्यांपूर्वी ५ चा साडेसात केला. ढेकरा येतात सारख्या, आम्हाला वाटलं खड्यांमुळे.

निशाचर_डॉक
डोस वाढवायच्या काळातच धोका जास्त, त्यात ढेकरा. रविवारचं घ्यायचं की नाही ते मनाने ठरवू नका, शुगर आहे. भूलवाल्या मॅडम आणि शुगरवाले डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं करून द्या.

मसालेभात
मॅडमना फोन केला. आधी दोन सेकंद गप्प, मग म्हणाल्या बरं झालं सांगितलंत. रविवारचं नको, शुगर घरी मोजत राहा, गुरुवारी फक्त पातळ, शुक्रवारी आत न्यायच्या आधी पुन्हा सोनोग्राफी. शुगरवाल्या डॉक्टरांशी त्याच बोलल्या. सासूबाई विचारतायत तांदळाची पेज पातळमध्ये धरायची का?

निशाचर_डॉक
शितं गाळून, गुरुवारी. शुक्रवारी सकाळी तीही नाही, दुधाचा चहाही नाही. साधं पाणी किती वाजेपर्यंत ते मॅडमना विचारा.

चिंचगूळ
ते माउंजारो महिन्याला केवढ्याला पडतं हो?