अकरा गुरुवार करून बघा म्हणे, आणि प्रचीती नाही आली तर?

कोयनाकाठ:
तुळसमाला यांची परवाची पोस्ट डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. त्यांचं म्हणणं असं की देव आहे का नाही यावर वाद कशाला, अकरा गुरुवार मनापासून करा, प्रचीती येतेच, आणि नाही आली तर तुमची श्रद्धा कमी पडली असं समजा. आधीच्या वाक्यांशी माझं भांडण नाही. पण ती शेवटची ओळ आमच्या घरात घडून गेलीय.

२००९ ला वडिलांना लिव्हरचं निघालं. आईने गुरुवार धरले. पहाटे चारला डोक्यावरून अंघोळ, ओल्या केसांनी पोथी, दिवसभर मीठ बंद, आणि तशीच डबा घेऊन हॉस्पिटलला. दहाव्या गुरुवारच्या आदल्या रात्री वडील गेले. तेराव्याला एका नातेवाईक बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "मध्ये कधी मीठ लागलं होतं का गं तोंडाला?" आणि आई आठवायला लागली हो. सातव्या गुरुवारी तिला चक्कर आली म्हणून कँटीनमध्ये चहासोबत एक खारी मी बळंच खायला लावली होती. ती खारी तिच्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

वडील वाचले असते तर देवाची प्रचीती, नाही वाचले तर आईची चूक. ज्या परीक्षेत देवाला नापास व्हायची सोयच नाही तिला अनुभव घेऊन बघणं म्हणू नका.

तुळसमाला:
तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, पण त्याचा राग माझ्यावर का? माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली, ११०० ग्रॅम. ३९ दिवस काचेच्या पेटीत. आशा ठेवू नका असं मला तोंडावर सांगितलं होतं. पेटीच्या गोल भोकातून हात घालून मी तिच्या तळपायाला अंगारा लावायचे, नर्स ओरडायची, मी तरी लावायचे. आज ती नववीत आहे, कबड्डी खेळते. मला परीक्षेचे नियम शिकवू नका. साखरेची गोडी न खाणाऱ्याला काय कळणार.

लॅबमधला:
साखर कुणीही खाल्ली तरी गोडच लागते ताई, मुद्दा तोच आहे. ११०० ग्रॅमची बाळं त्या पेटीमुळे, नळीतल्या ऑक्सिजनमुळे आणि त्या ओरडणाऱ्या नर्समुळे जगतात, तिचंही नाव घ्या कधी. आणि हे तपासून झालंय. २००६ मध्ये अमेरिकेतल्या बायपासच्या १८०२ पेशंटांचा अभ्यास छापून आला. आपल्यासाठी प्रार्थना होतेय का नाही हे माहीत नसलेल्यांपैकी, जिथे झाली तिथे ५२ टक्क्यांना कॉम्प्लिकेशन, नाही झाली तिथे ५१. होतेय हे ज्यांना माहीत होतं त्यांच्यात ५९. फरक पडला तो उलटाच.

तुळसमाला:
म्हणजे ओळख ना पाळख अशा माणसांनी यादीतली नावं वाचून केलेली प्रार्थना, आणि आईने पेटीपाशी उभं राहून केलेली, दोन्ही एकच? आणि त्या ५१ टक्केवाल्यांच्या बायकापोरांनी घरी हात जोडले नसतील का?

लॅबमधला:
हो, घरच्यांना कुणी थांबवलं नव्हतं, ते मान्य करावं लागेल. पण मग हे तुम्हालाही लागू. मोजताच येत नसेल तर "येतेच" हा शब्द कुठून आणला?

गोदाकाठ:
मोजायचं सोडा, मी डोळ्यांनी बघितलंय. २१ सप्टेंबर १९९५, देशभर गणपती दूध पितोय म्हणून गर्दी झाली तो दिवस, तोही गुरुवारच. आमच्या वाड्यातल्या गणपतीला चमचा मी स्वतः लावला, दूध सर्रकन गेलं.

लॅबमधला:
गेलं कुठे ते बघितलंत का? चमचा तिरका धरून कड ओल्या दगडाला टेकवली की दूध ओढलं जातं आणि पातळ थर होऊन अंगावरून खाली उतरतं. दुधात रंग मिसळून शास्त्रज्ञांनी तेव्हाच दाखवलं होतं. पृष्ठताण, शाळेत असतो. आम्ही धुण्याच्या दगडालाही पाजलं.

गुरवाचा_पोर:
ओल्या दगडाचं निघालंय तर बोलतोच. कोकणात आमच्या घराकडे कौल लावायचं काम पिढ्यान् पिढ्या आहे. देवाची परीक्षा म्हणाल तर ती आम्ही रोज घ्यायचो. गाऱ्हाणं घालायचं, मागची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणणार, पाषाणाला ओल्या कळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आता आतली गोष्ट सांगतो, मनासारखा कौल नाही मिळाला की यजमान म्हणतो प्रश्न जरा फिरवून विचारा. एका माणसाने जमिनीच्या वादात तीनदा विचारायला लावलं. तिसऱ्यांदा उजवी पडली आणि तो कोर्टात गेला, आणि हरला. मग म्हणे गुरवाने कळी घट्ट चिकटवली. माझ्या बापाशी तो मरेपर्यंत बोलला नाही.

गोदाकाठ:
ज्या देवाने तुमच्या घराला पिढ्यान् पिढ्या खाऊ घातलं त्याचीच गुपितं चव्हाट्यावर मांडता, लाज वाटायला पाहिजे.

गुरवाचा_पोर:
खाऊ घातलं? वर्षाचं चार मण भात आणि फुटलेल्या नारळाची अर्धी भकलं. पहाटे विहिरीचं पाणी काढून देव्हारा धुताना तुम्ही होता का? आमच्या देवळात नवसाच्या घंटांनी वासा वाकलाय. त्या सगळ्या काम झालेल्यांच्या. ज्यांचं पोर गेलं ते काय टांगणार? ते गुपचूप घरी जातात, मी त्यांना जाताना बघितलंय. आणि एवढं बघूनही मी गावी गेलो की पाया पडतो. का पडतो ते मला तुम्हाला पटवून द्यायचं नाही.

पायी_चालणारा:
गुरवभाऊंचं पटलं. आळंदी ते पंढरपूर सहा वेळा चाललोय, अडीचशे किलोमीटर, काही मागितलं नाही त्यामुळे मिळालं का नाही हा हिशोबच नाही. संताप एकाच गोष्टीचा येतो, अठरा अठरा तास बारीत उभ्या म्हाताऱ्या आणि बाजूच्या दाराने गाडीतून उतरलेला साहेब पाच मिनिटांत आत. कुठल्या मंदिरात ते लिहीत नाही, सगळीकडे तेच.

कोयनाकाठ:
बारीवर वेगळा धागा काढा, मी येतो. माझा प्रश्न अजून तिथेच आहे. तुळसमाला ताई, तुमची लेक नसती वाचली, तर तुम्हीही अंगारा कुठल्या बोटाने लावला ते आठवत बसला असता का?

तुळसमाला:
लेकीचं असं बोलायला नको होतं तुम्ही.

तुळसमाला:
सकाळी उठून परत लिहितेय. माझ्या जावेचे दोन महिने वर गेले आणि पडलं, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, उद्यापनाला घाई केलीस. तिने उत्तर दिलं नाही, नुसतं ताट उचलून आत गेली. तुमच्या त्या नातेवाईक बाईंमध्ये आणि माझ्यात मग फरक नाही. पण माझे गुरुवार मी सोडणार नाही, आणि जे मी पेटीपाशी अनुभवलं ते पृष्ठताण नव्हतं.

कोयनाकाठ:
सोडा असं म्हणालोच नाही. लेकीबद्दल तसं लिहायला नको होतं, माफ करा. पोस्टमधली ती शेवटची ओळ तेवढी काढा.

तुळसमाला:
काढली. जावेला संध्याकाळी फोन करते.